अंगठ्याला न लागलेला शिक्का

माझ्या टेबलावर एक कागद पडलेला आहे. आपल्या देशाचा बीच सॉकरचा संघ, म्हणजे वाळूवर अनवाणी फुटबॉल खेळणारा संघ, आजवर परदेशात जे सामने खेळला त्यांचा हा तक्ता. इंटरनेटवरून काढलेली प्रिंट. पान अर्धंसुद्धा भरत नाही. डावीकडे समोरच्या देशाचं नाव, मध्ये गोल, उजवीकडे निकाल. निकालाच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी एकच शब्द आहे, आणि तो 'विजयी' नाही. मग मध्येच कित्येक वर्षं नुसती कोरी. किती गोल खाल्ले ते मी इथे लिहिणार नाही. ज्याला हसायचं असेल त्याने स्वतः शोधून हसावं.

पण सुरुवातीच्या वर्षांतल्या एका ओळीत आपल्या बाजूला एक आकडा आहे. एक. तो गोल कुणी मारला ते तक्त्यात कुठेही नाही. मला माहीत आहे. वणीच्या एका जिनिंगमध्ये कापूस खुंदणाऱ्या माझ्या दोस्ताने तो मारला. त्याच्याबद्दल लिहायला बसलोय आणि माझं डोकं आत्ता ठिकाणावर नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

कापूस खुंदणं म्हणजे काय ते आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही, पण सांगतो. ट्रकमध्ये किंवा बैलबंडीत मोकळा कापूस भरला की तो फुगून बसतो. निम्मा ट्रक नुसती हवा. मग चार-पाच माणसं वर चढतात आणि पायांनी तो तुडवतात. मांडीपर्यंत पाय आत जातो. टाच टेकवली की फसलात. गुडघा छातीपर्यंत उचलायचा, चवडा खाली दाबायचा, लगेच दुसरा पाय. वरून बांधलेला दोर धरून तास-तास गोल फिरायचं. नव्या माणसाच्या पोटऱ्या पहिल्याच दिवशी दगड होतात. माझा दोस्त सोळाव्या वर्षापासून हे करत होता. त्याचे अब्बा त्याच जिनिंगमध्ये फिटर, रेचे म्हणजे कापसातून सरकी काढायची यंत्रं दुरुस्त करणारे. घरात सगळीकडे ग्रीसचा वास. आमचं घर तीन गल्ल्या सोडून. माझे बाबा तहसिलीत हेडक्लार्क, आणि आमच्या घरात वास येत असेल तर फायलींचा.

आम्ही दोघं एकाच मैदानावर फुटबॉल खेळत वाढलो. गवतावर मी बरा होतो. कोळशाच्या गाड्यांची काळी धूळ बसलेलं मैदान, त्याला गवत म्हणणं हा उपकार, पण तिथे मी बरा होतो. तो तिथे साधारण. त्याचे पाय फार वर उचलले जायचे. आम्ही त्याला हसायचो, म्हणायचो, लेका, मैदानात कापूस नाई, खाली ठेव पाय.

कापसाची ती वाईट वर्षं होती. जिनिंग दिवाळीनंतर सुरू व्हायची आणि होळीच्या आत थंड पडायची. खरेदी केंद्रापुढे बंड्या उभ्याच्या उभ्या. मोठ्या शहरांतून पत्रकार यायचे, गाडीतून उतरायचे, आमच्या जिल्ह्यात माणसं कशी मरतात ते विचारून पुन्हा गाडीत बसायचे. जिल्ह्यात कुणी जगत असेल, खेळत असेल, असा त्यांना संशयही यायचा नाही. अशा एका उन्हाळ्यात जिल्ह्याच्या फुटबॉलवाल्यांकडे वरून पत्र आलं की बीच सॉकरच्या राज्य निवडीसाठी संघ पाठवा. जिल्ह्याला समुद्र नाही. कोणत्याही समुद्रापासून आम्ही जितके लांब आहोत तितकं लांब राहायला खास जागा शोधावी लागेल. तरी पत्र आलं होतं, आणि पत्र आलं की संघ पाठवायचा असतो.

पत्र इंग्रजीत होतं. त्यात लिहिलं होतं की खेळाडूंनी पूर्ण गणवेशात हजर राहावं. आमच्या सेक्रेटरींनी त्याचा अर्थ लावला की बूट पाहिजेत, तेही खालून खिळेवाले, कारण वाळूत पाय घसरतो. कुणाच्याही डोक्यात आलं नाही की हा खेळ अनवाणी खेळतात. कसं येणार? कुणी पाहिला होता? मग आम्ही महिनाभर वर्धा नदीच्या पात्रात खिळ्यांचे बूट घालून सराव केला. बुटात वाळू, मोज्यात वाळू, दर दहा मिनिटांनी सगळा संघ काठावर बसून बूट झटकतोय. रेतीचे ट्रक भरणारे मजूर आमच्याकडे पाहून पोट धरून हसायचे. एकटा माझा दोस्त अनवाणी खेळायचा. सेक्रेटरी ओरडले तर म्हणाला, "सर, बूट घातले का मले जमिनीचा पत्ताच लागत नाई." सेक्रेटरींनी त्याला राखीवमध्ये टाकलं. शिस्त नाही म्हणून.

दोन रात्री रेल्वे आणि एसटीत काढून आम्ही कोकणात पोहोचलो. समुद्राचं वर्णन मी करणार नाही, ते करायला खूप लोक आहेत. आम्ही खिळ्यांचे बूट बांधून रांगेत उभे राहिलो आणि पंचाने आमच्या पायांकडे पाहिलं. मग दुसऱ्या पंचाला बोलावून दाखवलं. मग बाकीच्या जिल्ह्यांची पोरं पाहायला आली. तो हशा मला अजून ऐकू येतो. "काढा," पंच म्हणाला. आम्ही काढले. महिनाभर बुटात राहिलेले आमचे नरम तळवे आणि मे महिन्यातली अकरा वाजताची वाळू. सात मिनिटांत माझ्या दोन्ही पायांना फोड आले. मी लंगडत बाहेर आलो आणि माझ्या जागी राखीवमधला तो आत गेला.

त्या वाळूवर चेंडू लोळत नाही. तो उचलून खेळावा लागतो, आणि पळायला गुडघा छातीपर्यंत न्यावा लागतो. टाच टेकवली की फसलात. मी रेषेबाहेर पाय धरून बसलो होतो आणि समोर माझा दोस्त त्या वाळूत ट्रकमध्ये चालतो तसा चालत होता. बाकीचे दहा मिनिटांत धापा टाकायला लागले, याला घामही नव्हता. एक चेंडू त्याच्या डोक्याच्या मागे उंच आला. त्याने अंग मागे टाकलं, दोन्ही पाय हवेत, आणि डोक्यावरून लाथ मारली. पडला तो पाठीवर, हसत. ट्रकच्या वरून खालच्या गंजीत उलट्या उड्या मारणं हा जिनिंगमधल्या पोरांचा रोजचा धंदा होता, त्याला पडायची भीतीच माहीत नव्हती. निवड करणारे तिघं उठून उभे राहिले. मला आनंद झाला का? झाला. आणि मी जळलोही. दोन्ही खरं आहे.

त्याची राज्यातून निवड झाली, मग देशाच्या शिबिरात, मग देशाच्या संघात. वणीत मिरवणूक निघाली नाही. मुंबईचा एक पत्रकार मात्र आला. जिनिंगच्या फाटकात त्याने याला विचारलं, तुमच्या घरात कुणी आत्महत्या केली आहे का? हा म्हणाला, नाही. नातेवाइकांत? नाही. अब्बा शेती करायचे का आधी? नाही, फिटर आहेत, ते काय तिकडे पाना घेऊन उभे. पत्रकाराने वही मिटली. एक ओळ छापून आली नाही. मी त्या पत्रकाराच्या गाडीमागे शिव्या देत चौकापर्यंत धावलो होतो. हा मागून येऊन माझा दंड धरून म्हणाला, "जाऊ दे ना यार. त्याले त्याचं काम आहे." मला त्याची ही सवय तेव्हापासून सहन होत नाही. "तू काहून चिडत नाईस बे?" मी विचारलं. तो म्हणाला, "तू चिडून राह्यला ना. दोघं कायले पाहिजे?"

संघ आखाती देशात गेला आणि सगळे सामने हरून आला. समोरच्यांचे संघ वर्षभर समुद्रावर खेळणारे, आपली शिबिरं मोजून काही दिवसांची. त्याला एकाच सामन्यात आत जायला मिळालं, तेही शेवटच्या भागात, सामना हातातून गेल्यावर. तिथे त्याने तो गोल मारला. डोक्यावरून, उलटी लाथ. देशाचा त्या सामन्यातला एकुलता एक गोल. परत येताना विमानतळावर ब्लेझर काढून घेतले, ते उसने होते. निळा शर्ट ठेवू दिला. पाठीवर नंबर होता, नाव नव्हतं. आणि एक प्रमाणपत्र मिळालं. जाड कागद, त्यावर त्याचं नाव, खाली सही आणि उमटवलेला शिक्का, ज्याच्यावर बोट फिरवलं तर उंचवटे लागायचे.

ते प्रमाणपत्र घेऊन तो आधी माझ्याकडे आला. म्हणाला, "तुयाच घरी ठेव. आमच्या घरी ग्रीसचे हात लागतीन." दोन्ही हातांनी दिलं. त्या दिवसापासून ते माझ्या जबाबदारीवर होतं, हे वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावं.

तेव्हा गावात लॅमिनेशनचं वेड आलं होतं. तहसिलीसमोर एकाने मशीन टाकलं आणि लोक काय काय घेऊन जायचे! दहावीची गुणपत्रिका, जातीचा दाखला, मेलेल्या आजोबांचा फोटो, मुंजीची पत्रिका. प्लास्टिकमध्ये गेलं की कागद अमर झाला अशी सगळ्यांची समजूत. मलाही वाटलं, इतकं मोठं प्रमाणपत्र, याला वाळवी लागायला नको. ईद आठ दिवसांवर होती, त्याला चमकवून देऊ. निघताना माझंही एक प्रमाणपत्र सोबत घेतलं. शाळेत असताना आमचा संघ राज्यात तिसरा आला होता, मी राखीव होतो, एक मिनिटही मैदानात उतरलो नव्हतो, पण प्रमाणपत्र सगळ्यांना मिळालं होतं. दुकानात मी म्हणालो, आधी हे करा, देशाचं आहे. मशीनमधून ते गरम गरम, काचेसारखं गुळगुळीत बाहेर आलं. माझं आत घालणार तेवढ्यात लाइन गेली. त्या वर्षांत रोज आठ-आठ तास लाइन जायची. दुकानदार म्हणाला, सायंकाळी या. मी कंटाळा केला. माझं तसंच घरी आणलं.

तो खूष झाला. उन्हात धरून पाहत म्हणाला, "किती चमकून राह्यलं बे!" आणि पुन्हा माझ्याकडेच ठेवायला दिलं.

दोन दिवसांनी बाबांनी माझं प्रमाणपत्र टेबलावर पाहिलं. मी म्हणालो, लॅमिनेट करायला नेलं होतं, लाइन गेली. बाबा म्हणाले, "बरं झालं गेली. अस्सल कागद कधी प्लास्टिकमध्ये घालायचा नसतो. पडताळणीत चालत नाही. शिक्का हाताला लागावा लागतो." मग चष्म्यावरून बघत त्यांनी विचारलं, "तुझ्या दोस्ताचं नीट आहे ना?"

"नीट आहे," मी म्हणालो.

हे मी का म्हणालो? मूर्ख दिसायचं नव्हतं म्हणून. हेडक्लार्कच्या पोराने हेडक्लार्कच्या घरात इतकी साधी चूक केली, हे कबूल करायची लाज वाटली म्हणून. याहून मोठं कारण मी इतकी वर्षं शोधतो आहे, ते नाहीच. त्याच दिवशी मी दोस्ताकडे जाऊन सांगितलं असतं तर सगळं निस्तरलं असतं. संघाचा मॅनेजर तेव्हा पदावर होता, याला ओळखत होता, एक पत्र टाकलं असतं तर दुसरं प्रमाणपत्र आलं असतं. मी सांगितलं नाही. उद्या सांगू, परवा सांगू. सात महिने गेले.

सातव्या महिन्यात सरकारी जाहिरात निघाली. शिपायाच्या काही जागा, त्यातली एक खेळाडूंसाठी राखीव. जिनिंग त्या वर्षी संक्रांतीलाच बंद पडली होती. अब्बांचा एक हात मशीनमध्ये जाऊन आखडला होता, घरात कमावणारा हा एकटा, आणि याच्याजवळ फक्त पाय होते. ती एक जागा म्हणजे त्याचं सगळं आयुष्य होतं, यात मी काही वाढवून सांगत नाही. आणि ती त्याचीच होती. आख्ख्या जिल्ह्यात देशाकडून खेळलेला दुसरा अर्जदार कोण होता? बाबांनी त्याचा अर्ज स्वतः भरला. मलाही म्हणाले, तूही भर, सवय होईल. मी भरला. तेव्हा कुठे मी बाबांना प्लास्टिकमधलं प्रमाणपत्र दाखवलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं. एवढंच म्हणाले, "मी विचारलं होतं तुला."

पडताळणीला यवतमाळला आम्ही दोघं एकाच एसटीने गेलो. टेबलामागे एक गृहस्थ, तोंडात सुपारी. त्यांनी त्याच्या प्रमाणपत्रावर अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"शिक्का लागत नाही हाताला," ते म्हणाले.

"साहेब, प्लास्टिकच्या खाली आहे. दिसून राह्यला ना," दोस्त म्हणाला.

"दिसतं सगळंच. झेरॉक्समध्ये पण दिसतं. लॅमिनेशन काढून आणा, आठ दिवसांत."

मग माझं घेतलं. अंगठा फिरवला. शाळेच्या पोरांच्या स्पर्धेचं, न खेळलेल्या माणसाचं प्रमाणपत्र. "हं, हे बरोबर," असं म्हणून टिक केली. ती टिक करताना त्यांचा हात जराही अडखळला नाही.

लॅमिनेशन बाबांनीच काढलं. रविवारी दुपारी, ओसरीत. इस्त्री कोमट केली, वर फडकं टाकलं, कडेने ब्लेड घातलं. दोस्त गुडघ्यावर हात ठेवून समोर बसलेला. बाबांचा हात फार स्थिर, वीस वर्षं जुने कागद हाताळलेला. प्लास्टिक सुटायला लागलं आणि त्याच्याबरोबर शाई सुटायला लागली. आधी सही गेली. मग शिक्का. उंचवटे तर मशीनमधून जातानाच दबून सपाट झाले होते. कागदावर त्याचं अर्धं नाव राहिलं आणि बाकीचं सगळं प्लास्टिकला चिकटून उलटं वर आलं. बाबांनी इस्त्रीची पिन काढली आणि आत निघून गेले. ते त्याच्याशी कधी माझ्याबद्दल बोलले नाहीत. माझ्याशीही नाहीत. आता ते नाहीत, म्हणजे मला आधीपासून ठाऊक होतं ही गोष्ट माहीत असलेला मी एकटा उरलो.

दोस्त ते दोन तुकडे पाहत म्हणाला, "तू तं चांगल्यासाठी केलतं ना यार. जाऊ दे."

आम्ही पत्रं टाकली. बाबांनी मजकूर सांगायचा, मी लिहायचं, रजिस्टर पोस्टाने जायचं. दोन महिन्यांनी उत्तर आलं की जुनी समिती बरखास्त झाली आहे, त्या काळातल्या खेळाडूंच्या नोंदी सध्या उपलब्ध नाहीत. हरून आलेल्या संघाचे कागद कोण जपणार? देशासाठी त्या संघाची गोष्ट विमानतळावर ब्लेझर काढून घेतले तेव्हाच संपली होती. ती जागा यादीतल्या पुढच्या पात्र खेळाडूला गेली. पुढचा पात्र खेळाडू मी होतो.

मी नाही म्हणायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. मीही रोज म्हणतो. पण आमच्या घरात सरकारी नोकरीला नाही म्हणायचं कुणाला शिकवलेलंच नाही. मी रुजू झालो त्या दिवशी तो एसटी स्टँडवर पेढे घेऊन आला होता. ते पेढे मी कसे गिळले ते माझं मला माहीत.

आता मी शिपायाचा क्लार्क झालोय, यवतमाळात क्वार्टर आहे. देशाच्या वाळूवरच्या संघाला इतक्या वर्षांनी पुन्हा परदेशात पाठवलं, अशी बातमी मध्यंतरी आली, आणि जिल्ह्यात लगेच उत्साह संचारला. जुन्या खेळाडूंचा सत्कार करायचं ठरलं. यादी करायचं काम माझ्या टेबलावर आलं. मी पहिल्या नंबरावर त्याचं नाव लिहिलं. साहेबांनी विचारलं, पुरावा? मी हा तक्ता काढून दाखवला, त्या ओळीतल्या आकड्यावर बोट ठेवलं. साहेबांनी चष्मा लावून पाहिलं.

"यात नाव कुठे आहे?"

"नाव नाहीये सर. पण हा गोल त्याचा आहे."

"हरलेल्या मॅचची नावं कोण ठेवतो हो?" साहेब हसले आणि लाल पेनाने पहिली ओळ खोडली. खाली राज्य पातळीवरच्या खेळाडूंमध्ये चौथ्या नंबरावर माझं नाव होतं. त्यावर त्यांनी टिक केली. मी टेबलावर हात आपटला. इतक्या जोरात की चहा सांडला आणि शेजारच्या खोलीतले लोक दारात आले. काय काय बोललो मला आठवत नाही. एक गोष्ट तेवढी बोललो नाही, ती आठवते. साहेब शांतपणे म्हणाले, घरी जा, बीपी तपासा.

मागच्या रविवारी वणीला गेलो. तो आता खुंदणाऱ्यांचा मुकादम आहे, पण अजून स्वतः वर चढतो. जिनिंगच्या आवारात ट्रक लागला होता, बाकीचे जेवायला गेलेले, हा एकटा वर दोर धरून फिरत होता. दाढी पांढरी व्हायला लागली आहे, पण गुडघा अजून छातीपर्यंत जातो. मी खालूनच यादीचं सांगितलं, लाल पेनाचं सांगितलं, साहेबांचं वाक्यही सांगितलं.

तो हसला. "बरोबरच आहे ना त्यायचं. हरलोच होतो." मग म्हणाला, "तुयं नाव आहे का?"

"आहे. चौथं."

"मंग झालं ना! नारळ भेटला तं अर्धा मले आणजो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या पत्रकारावर, त्या सुपारीवाल्यावर, साहेबांवर, तक्ता करणाऱ्यावर मी आयुष्यभर चिडलो आणि हा मला नारळ मागतो! मी बूट काढले आणि ट्रकवर चढलो. मांडीपर्यंत आत गेलो. एक पाय काढला तर दुसरा फसला. त्याने हात देऊन मला दोराजवळ ओढलं, हसतच. आणि तिथे, कापसात कमरेपर्यंत उभं राहून, मी त्याला सांगितलं. दुकान, लाइन, बाबांचा प्रश्न, माझं उत्तर. जाहिरात निघायच्या किती आधी मला माहीत होतं ते.

तो चालायचा थांबला.

"किती महिने?"

"सात."

"तवा मॅनेजर होता."

"होता."

"त्यानं मले ईदीले फोन केलता. पीसीओवर. म्हने काई लागलं तं सांग." तो दोराकडे पाहत होता. "म्या म्हटलं, काई नाई लागत सर, सगळं आहे."

मला वाटलं आता तो म्हणेल, जाऊ दे यार. मी त्यासाठीच आलो होतो की काय, कुणास ठाऊक.

"उतर," तो म्हणाला.

"अरे, ऐक तर..."

"उतर म्हटलं ना. माल दबाचा आहे अजून. उतर खाली."

मी उतरलो. मोज्यांना कापूस चिकटला होता. बूट हातात घेऊन मी बराच वेळ ट्रकच्या चाकाजवळ उभा राहिलो. वर त्याने दोर पकडला आणि गुडघा उचलत पुन्हा गोल फिरायला सुरुवात केली. खाली त्याने एकदाही पाहिलं नाही.